८४ आणि ८५ : गेमचे रिव्ह्यू नेमकं कोणाला हलवतात

२०१० साली 'फॉलआउट : न्यू व्हेगस' नावाचा गेम बाजारात आला. बनवला होता ऑब्सिडियन या स्टुडिओने, पैसे लावले होते बेथेस्डाने. करारात एक अट होती : समीक्षकांच्या गुणांची सरासरी दाखवणाऱ्या मेटाक्रिटिक या वेबसाइटवर गेमला शंभरपैकी ८५ गुण पडले तर स्टुडिओला बोनस. पडले ८४. बोनस गेला. ऑब्सिडियनच्या संस्थापकांपैकी एक, ख्रिस ॲव्हेलोन यांनी २०१२ मध्ये ट्विटरवर हे सांगून टाकलं, म्हणून जगाला कळलं. आज त्या मालिकेतला सगळ्यात चांगला गेम कुठला असं जुन्या खेळाडूंना विचारा, बरेच जण याचंच नाव घेतील. पण बोनस काही परत येत नाही.

रिव्ह्यूंचा विषय निघाला की बहुतेक जण एकच विचारतात : लोक रिव्ह्यू वाचून गेम घेतात का? घेतात, थोडेफार. पण रिव्ह्यूचा खरा दणका बसतो तो गेम बनवणाऱ्याला. आणि खेळणाऱ्यावर जो परिणाम होतो तो खरेदीच्या आधी कमी, खेळताना जास्त. कसा, ते बघू.

करारात असा आकडा घालण्यामागचं कारण साधं आहे. गेम किती खपला हे कळायला महिने लागतात. मध्ये सेल लागतात, किंमत उतरते, दिवाळी-नाताळ येतात. रिव्ह्यूंचा आकडा मात्र पहिल्याच दिवशी हातात पडतो. पैसे लावणाऱ्याला मोजायला काहीतरी हवं असतं, आणि हे फुकटात मिळतं.

आता हा आकडा शिजतो कसा, ते बघा. मेटाक्रिटिक २००१ पासून चालू आहे. ते निरनिराळ्या समीक्षकांचे गुण गोळा करतं, सगळ्यांना शंभरपैकी करून घेतं आणि सरासरी काढतं. सरासरीही सरळ नाही. कुणाच्या मताला जास्त वजन, कुणाच्या कमी, आणि कुणाला किती हे ते उघड करत नाहीत. एखाद्या समीक्षकाने पाचपैकी साडेतीन तारे दिले, तर त्याच्या मनात 'बरा आहे, खेळा' असं असेल. मेटाक्रिटिकवर त्याचे होतात ७०, आणि रंग पडतो पिवळा. गेमसाठी हिरवा रंग ७५ पासून सुरू होतो. सिनेमासाठी तोच हिरवा ६१ पासून. म्हणजे ६५ गुणांचा सिनेमा चांगल्यात जमा आणि ६५ गुणांचा गेम यथातथा. याचं कारण गेमच्या समीक्षेतच आहे. तिथे दहापैकी सात म्हणजे 'ठीक', आणि पाचच्या खालचे आकडे क्वचितच वापरात येतात.

स्टीम हे पीसीवरच्या गेमचं ऑनलाइन दुकान, तिथे गेम घेतलेले लोकच रिव्ह्यू लिहितात. त्याचा हिशेब याहून अगदी वेगळा. तिथे गुण नाहीत, फक्त अंगठा : वर किंवा खाली. शंभरातल्या नव्वद जणांनी अंगठा वर केला तर ९० टक्के, आणि लेबल लागतं 'व्हेरी पॉझिटिव्ह'. या नव्वदांपैकी प्रत्येकाचं मत 'चालेल बुवा' इतकंच असलं तरी ९० टक्केच. उलट, निम्म्यांना गेम जिवापाड आवडला आणि निम्म्यांना मुळीच नाही, तर 'मिक्स्ड'. (४० ते ६९ टक्के म्हणजे मिक्स्ड.) त्यामुळे स्टीमवरचे ९० आणि मेटाक्रिटिकवरचे ९० एकमेकांशेजारी ठेवून बोलणाऱ्या मंडळींशी वाद घालायच्या भानगडीत मी पडत नाही.

खेळणाऱ्याकडे येऊ. अमेरिकेतल्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने आणि ईडार या संस्थेने २०१० मध्ये एक झकास प्रयोग केला. गेम घेतला 'प्लांट्स व्हर्सेस झॉम्बीज'. लोकांचे तीन गट केले. एका गटाला खेळण्याआधी चांगले रिव्ह्यू दाखवले, दुसऱ्याला वाईट, तिसऱ्याला काहीच नाही. मग सगळ्यांना थोडा वेळ तोच गेम खेळायला दिला आणि विचारलं, किती गुण द्याल? चांगलं वाचून बसलेल्यांनी वाईट वाचलेल्यांपेक्षा सुमारे २० टक्के जास्त गुण दिले. काहीच न वाचलेले बरोबर मधोमध. शेवटी, 'गेमची कॉपी घ्या किंवा १० डॉलर रोख घ्या' असं सांगितल्यावर चांगले रिव्ह्यू वाचलेल्यांपैकी गेम उचलणारे वाईट वाचलेल्यांच्या दुपटीच्या आसपास निघाले.

या प्रयोगाचं महत्त्व असं, की एरवी 'जास्त गुण, जास्त खप' या जोडीतून काहीच सिद्ध होत नाही. चांगला गेम असतो त्याला गुणही जास्त मिळतात, त्याच्यामागे जाहिरातीचा पैसाही जास्त असतो, आणि तो खपतोही जास्त. कशामुळे काय झालं हे सुटं करता येत नाही. इथे गेम एकच, स्क्रीन तीच, बदलला फक्त आधी वाचलेला कागद. आणि तेवढ्याने लोकांना आलेली मजाच बदलली. म्हणून मी घरातल्या पोरांना सांगतो, गेम घ्यायचा ठरलाच असेल तर उरलेले रिव्ह्यू खेळून झाल्यावर वाचा.

सगळ्याच गेमना रिव्ह्यू सारखे लागत नाहीत. 'कॉल ऑफ ड्यूटी'सारख्या दरवर्षीच्या गेमला समीक्षक काय म्हणतात याने फारसं काही अडत नाही. घेणारे आधीच रांगेत असतात. अगदी छोट्या गेमची अडचण वाईट रिव्ह्यू ही नसतेच, एकही रिव्ह्यू नसणं ही असते. २०२४ मध्ये एकट्या स्टीमवर १८ हजारांहून जास्त गेम आले. दिवसाला पन्नास धरा. स्टीमवर दहा रिव्ह्यू होईपर्यंत कुठलंच लेबल लागत नाही, नुसतंच दिसतं '३ यूझर रिव्ह्यूज'. ते बघून गिऱ्हाईक पुढे सरकतं. खरी मारामारी मधल्या गेमची. तिथे पन्नास-शंभर माणसांचा स्टुडिओ असतो, तीन-चार वर्षांची मेहनत असते आणि पुढच्या गेमला पैसे मिळणार की नाही ते या पहिल्या आठवड्यावर ठरतं.

समीक्षक नेमकं काय बघून लिहितो, हाही प्रश्न आहेच. डिसेंबर २०२० मध्ये 'सायबरपंक २०७७' आला. आधी समीक्षकांना दिली ती फक्त पीसीची आवृत्ती, आणि व्हिडिओत स्वतः रेकॉर्ड केलेलं चित्रण दाखवायला बंदी. कंपनीने दिलेलंच वापरायचं. गुण पडले ९० च्या आसपास. मग लोकांनी तो आपापल्या जुन्या प्लेस्टेशन ४ वर लावला तेव्हा गाड्या हवेत तरंगायला लागल्या, माणसांचे चेहरे लोण्यासारखे वितळलेले दिसायला लागले आणि गेम मधूनच बंद पडायला लागला. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला, तो जून २०२१ मध्येच परत आला. समीक्षक खोटं बोलले नव्हते. त्यांच्या मशीनवर जे दिसलं ते त्यांनी लिहिलं.

कोकणातल्या खेळणाऱ्याला हे जास्तच लागू पडतं. मे महिन्यात देवगडात आंब्याच्या पेट्या भरून कॉलेजातलं पोर चार पैसे बाजूला टाकतं. मोठा गेम आज तीन ते पाच हजारांच्या घरात. कुडाळचा माझा भाचा असाच लॅपटॉप मांडीवर घेऊन येतो, स्टीमचं पान उघडतो आणि विचारतो, "काका, हो गेम घेव काय नको? मिक्स्ड दाखवता." मी म्हणतो, "वरचा सोड, खाली जा. तुझो लॅपटॉप खयचो, रॅम किती, ता सांग आधी." मग आम्ही फक्त वाईट रिव्ह्यू उघडतो. एक लिहितो, 'गोष्ट कंटाळवाणी'. सोडून दे, चव ज्याची त्याची. दुसरा म्हणतो, '८ जीबी रॅमवर दर दहा मिनिटांनी बंद पडतो'. हे आपल्या कामाचं. तिसरा म्हणतो, 'एकट्याने खेळायचं असलं तरी सतत नेट लागतं'. हे त्याहून कामाचं, कारण आमच्याकडे हायवेच्या खोदकामात जेसीबीने केबल तोडली की दोन-दोन दिवस नेट नसतं, आणि पावसाळ्यात लाइटचा काय भरवसा. अमेरिकेतल्या समीक्षकाला ही गोष्ट सुचणारच नाही, त्यात त्याचा दोष नाही.

प्रत्येक रिव्ह्यूखाली त्या माणसाने किती तास खेळलाय हेही दिसतं. ०.३ तास खेळून शिव्या घालणारा आणि ८०० तास खेळून 'नका घेऊ' म्हणणारा, दोघांचीही गंमत वाटते. पण दुसऱ्याचं मी नीट वाचतो. बहुतेक वेळा नव्या अपडेटमध्ये काहीतरी बिनसलेलं असतं. त्यासाठीच स्टीम दोन ओळी दाखवतं : एकंदर मत आणि गेल्या तीस दिवसांचं मत. या दोन ओळींत फरक पडला की समजायचं, काहीतरी घडलंय.

'मग रिफंड आहे की' असं कुणी म्हणेल. आहे. घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर स्टीम पैसे परत देतं. डाउनलोडचा वेळ यात धरत नाहीत. पण ऑगस्ट २०२० मध्ये 'मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर' आला, त्याने आधी छोटासा प्रोग्राम उतरवला आणि उरलेला गेम, नव्वद जीबीच्या वर, स्वतःच्या आत उघडून डाउनलोड करायला घेतला. स्टीमच्या लेखी तो वेळ खेळण्याचा! जलद नेटवाल्यांचेही दोन तास त्यात गेले. गुहागर-दापोलीकडच्या कुणाचं काय झालं असतं, विचार करा. ही गोष्ट बाहेर आली तीसुद्धा खेळणाऱ्यांच्या रिव्ह्यूंमधून. व्यावसायिक समीक्षकाला गेम फुकट मिळतो, रिफंडशी त्याचा संबंधच काय.

आता रिव्ह्यूंच्या दुसऱ्या उपयोगाबद्दल. तारकर्लीला ज्यांचं होमस्टे आहे त्यांना विचारा. जुलैत कुणीतरी येतं, स्कूबा बंद असतं, बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, आणि तो पाहुणा सोलकढी, सुरमई, स्वच्छ खोली सगळं विसरून घराला एक तारा देऊन जातो. मालकाने समुद्र कसा शांत करायचा? गेमच्या जगात हेच हजारोंच्या संख्येने होतं आणि त्याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात. जून २०२० मध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' आला. पंचवीस-तीस तासांचा गेम, पण विक्री सुरू होऊन काही तास झाले नाहीत तोच मेटाक्रिटिकवर लोकांनी शून्यांचा पाऊस पाडला. पुढच्याच महिन्यात मेटाक्रिटिकने नियम केला, पहिले ३६ तास सर्वसामान्यांना गुण देता येणार नाहीत. स्टीमनेही २०१९ पासून, गेमशी संबंध नसलेल्या कारणावरून असा हल्ला झाला तर त्या काळातले रिव्ह्यू एकंदर टक्क्यांतून वगळायला सुरुवात केली.

पण सगळे हल्ले फुकटचे नसतात. मे २०२४ मध्ये सोनीने 'हेलडायव्हर्स २' खेळणाऱ्या पीसीवाल्यांना फर्मान काढलं, प्लेस्टेशन नेटवर्क या आमच्या ऑनलाइन सेवेचं खातं जोडा. कितीतरी देशांत ते खातं अधिकृतपणे काढताच येत नव्हतं, आणि तिथेही हा गेम विकला गेला होता! दोन लाखांवर उलटे अंगठे पडले. तीन-चार दिवसांत सोनीने माघार घेतली. माझ्या मते रिव्ह्यूंनी गेमच्या इतिहासात केलेल्या चांगल्या कामांत हे अगदी वरचं. समीक्षकांचे शंभर लेख आले असते तरी हे झालं नसतं.

आपल्याकडे हे सगळं फोनवर घडतं. सावंतवाडीपासून अलिबागपर्यंत एसटीत बसा, दहातल्या नऊ पोरांच्या हातात गेम असेल तो प्ले स्टोअरवरचाच. तिथल्या ताऱ्यांवर माझा सगळ्यात कमी विश्वास. २०२० च्या मे महिन्यात टिकटॉक आणि यूट्यूबवाल्यांचं भांडण पेटलं आणि भारतीयांनी टिकटॉकचं रेटिंग दीडच्याही खाली आणून ठेवलं. गूगलने मग लाखो रिव्ह्यू पुसले तेव्हा ते वर आलं. ॲप आदल्या आठवड्यात होतं तसंच होतं.

फोनवरची दुसरी युक्ती जास्त बेरकी. तुम्ही अवघड लेव्हल जिंकता, फटाके फुटतात, नाणी पडतात, आणि नेमका तेव्हाच पाच ताऱ्यांचा चौकोन समोर येतो. हरल्यावर कधी आलेला बघितलाय? काही गेम आधी विचारतात, 'आवडला का?' हो म्हटलंत तर दुकानाच्या पानावर पाठवतात, नाही म्हटलंत तर कंपनीच्या खाजगी पेटीत. म्हणजे खूश माणसांचं मत चव्हाट्यावर आणि नाराजांचं कपाटात. गूगलने स्वतःच्या रिव्ह्यू-चौकोनाआधी असा प्रश्न विचारायला मनाई केली आहे, ॲपलने वर्षाला तीनच वेळा चौकोन दाखवायची मर्यादा घातली आहे. तरी पळवाटा आहेतच. एक गोष्ट मात्र गूगलने बरी केली. २०२१ च्या नोव्हेंबरपासून फोनवर आपल्याला आपल्या देशातल्या लोकांचंच रेटिंग दिसतं. ब्राझीलमध्ये सर्व्हर झकास चालतो म्हणून मिळालेले तारे आता मालवणात मोजले जात नाहीत.

यूट्यूबवाल्यांचं वजन तर आता समीक्षकांच्या वर गेलंय. 'अमंग अस' हा गेम २०१८ चा. तिघांनी बनवला, कुणी विचारलं नाही. २०२० मध्ये स्ट्रीमर, म्हणजे आपलं खेळणं नेटवर थेट दाखवणारे लोक, तो एकमेकांत खेळायला लागले आणि जग वेडं झालं. गेममध्ये फार काही बदललं नव्हतं, रिव्ह्यूंनीही काही केलं नव्हतं. लोकांनी दुसऱ्यांना मजा करताना बघितलं. पण इथेही पाणी मुरतं. 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या गेमसाठी यूट्यूबवाल्यांना पैसे देऊन चांगलं बोलायला लावलं आणि ते नीट उघड केलं नाही, म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने वॉर्नर ब्रदर्सवर कारवाई केली. आपल्याकडेही जानेवारी २०२३ पासून केंद्राचे नियम आहेत, पैसे किंवा वस्तू घेतली असेल तर तसं स्पष्ट सांगायचं. किती जण सांगतात, ते तुम्हीच बघा. आणि लेखी समीक्षाही काही धुतल्या तांदळाची नाही. २००७ मध्ये गेमस्पॉटच्या जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच'ला दहापैकी सहा दिले. त्याच गेमची मोठी जाहिरात तेव्हा त्या साइटवर झळकत होती. त्यांची नोकरी गेली, आणि तेच कारण होतं हे त्यांना २०१२ मध्ये जाहीरपणे बोलता आलं.

बनवणारे रिव्ह्यू वाचतात का? वाचतात, एकेक ओळ. 'नो मॅन्स स्काय' २०१६ मध्ये आला तेव्हा दिलेली आश्वासनं आणि हातात पडलेला गेम यात एवढं अंतर होतं की स्टीमवर त्याची धुलाई झाली. छोट्या टीमने तोंड बंद ठेवलं आणि वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत राहिली. २०२४ च्या अखेरीस एकंदर लेबल 'व्हेरी पॉझिटिव्ह' झालं. म्हणजे सुरुवातीच्या उलट्या अंगठ्यांचा डाग पुसायला आठ वर्षं. एवढा दम किती जणांकडे असतो?

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं. नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला. परदेशी समीक्षकांनी चित्रं, देवदेवतांच्या कथा, महालांची रचना यांचं तोंडभरून कौतुक केलं, आणि बहुतेकांनी एकाच ठिकाणी बोट ठेवलं : मारामारी अडखळते. २०२२ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली. तिच्यात मारामारी आणि हालचाली नव्याने घडवल्या होत्या आणि जोडीला हिंदी आवाज होते. उपयोगाची टीका कशी असते ते यात दिसतं. 'भिकार गेम' वाचून कुठल्याच डेव्हलपरला सोमवारी सकाळी काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. 'उडी मारल्यावर तलवार अर्धा सेकंद उशिरा चालते' वाचून कळतं.

म्हणून रिव्ह्यू लिहायचाच तर लॅपटॉपचं मॉडेल लिहा, रॅम लिहा, फायबर होतं की मोबाइल डेटा ते लिहा, ऑनलाइन गेम असेल तर चिपळूणहून किंवा वेंगुर्ल्याहून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) किती येत होता ते लिहा. स्टीमचं दुकान मराठीत नाही, तेव्हा इंग्रजीत दोन ओळी आणि खाली मराठीत चार, असं केलं तरी चालतं. आणि पुण्या-मुंबईच्या एखाद्या छोट्या टीमचा गेम घेतला असेल, रिव्ह्यू सहा-सातच दिसत असतील, तर आधी तिथे लिहा. 'कॉल ऑफ ड्यूटी'ला तुमच्या मताची काही घाई नाही.